सोमवारची खिडकी

तुये, गुरुवार

प्रिय वैशू,

पोई बरी आहे, हे आधी लिहिते; रविवारच्या माझ्या फोननंतर तुझ्या मनात काय काय आलं असेल. "तुझं मांजर आठवड्याच्या आत ने, नाहीतर मी कुणालाही देऊन टाकीन," असं मी म्हणाले आणि तू नुसतं "बरं" म्हणालीस. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. एकच मेसेज आला, की तुझ्या दुकानातली देवकी येत्या रविवारी अकरा वाजता टोपली घेऊन येईल. तुझ्या फोंड्याच्या घरमालकिणीला मांजर चालत नाही, म्हणजे पोई दुसऱ्याच कुणाकडे कायमची जाणार. हे पत्र शनिवारपर्यंत तुला मिळायला हवं.

मी का चिडले होते ते सांगते. तू गेल्यापासून दोन बोके मागच्या दारी येऊ लागले, एक काळा आणि एक कानतुटका. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसून गुरगुरायचे, भिंतीवर मुतायचे. काळा तर गजांना धरून उभा राहायचा. आत पोई फुगून दुप्पट व्हायची. तिला बाहेर पडता येत नाही, हरमलच्या रस्त्यावर स्कूटरखाली आल्यापासून मागचा पाय आखूडच राहिला. मग तिचा राग सापडेल त्याच्यावर निघायचा. माझ्या अंथरुणावर ती तीनदा मुतली. गेल्या शनिवारी मी तिला खिडकीतून उचलायला गेले, तर तिने माझा अंगठा हाडापर्यंत फोडला. डॉक्टरकडे इंजेक्शन घेताना मी ठरवलं की बस झालं.

उपाय कमी केले नाहीत. खालच्या काचांना वर्तमानपत्र चिकटवलं. भिंत व्हिनेगरने धुतली. बोक्यांवर तांब्याने पाणी मारलं. म्हापशाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, बाहेरच्या मांजरांना तुम्ही काही खायला घालता का? मी "नाही" म्हणाले. अगदी खरं वाटून म्हणाले.

परवा मंगळवारी शेवंती मासे घेऊन आली. बोके पायरीजवळ आधीच हजर. टोपली उतरवत, बोक्यांकडे बघून ती हसत म्हणाली, "काल सोमार. मी वाटेन गेलंय, पण तुझे जावय माका बघून उठूक सुद्धा नाय. तेंका वार कळता गो, शालिनीबाय!" मीही हसले. विळीवर बांगडा धरला, डोकं कापलं आणि मागे न बघता पायरीखाली टाकलं. काळ्याने ते वरच्यावर झेललं. आई तसंच टाकायची, मीही टाकते. त्याला खायला घालणं म्हणतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मासे साफ करणं होतं.

हात धुऊन मी डायरी काढली. पोई कधी मुतली, कधी चावली, कधी जेवली नाही, सगळं लिहिलेलं होतं. दोन महिन्यांत नऊ सोमवार, आणि आपल्याकडे मासे नसलेल्या त्या नऊ दिवसांत तसली एकही नोंद नव्हती. एका सोमवारी तर मी लिहिलंय, "पोई खिडकीत झोपली. कसं काय कोण जाणे."

आता मासे शेवंती रस्त्यावरच कापून देते, आणि घाण मी माडाच्या मुळाशी खोल पुरते. काल दोन्ही बोके आले, बराच वेळ बसले. आज एकटा काळा आला. पोई अजून खाटेखालीच आहे, पण बशी रिकामी झाली. दोन दिवसांवरून सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही.

त्या पायरीवरचं आणखी एक राहिलंय. नवऱ्याचं घर सोडून तू माझ्याकडे आलीस, त्या चार महिन्यांत यशोदाकाकी आणि शेजारणी रोज मागच्या दारी यायच्या, तुला बघून आवाज खाली करायच्या, आणि तू खोलीबाहेर पडेनाशी झालीस. तू एकदा मला विचारलंस, "ताई, तू ह्यांना माझं काही सांगतेस?" मी "नाही" म्हणाले. तेही खरं वाटून. पण टोपलीतले मासे निवडताना त्या विचारायच्या आणि मी बोलून जायचे: रात्री रडत होती, त्याचा फोन येऊन गेला, वकिलाकडे जाणार आहे. मला ते सांगणं वाटत नव्हतं, मासे घेणं वाटत होतं. आणि तू निघालीस तेव्हा मी वर तुलाच म्हणाले, लोकांच्या तोंडाला मी काय करू?

मांजराचं माणसाला लावू नये, एवढं मला कळतं. पण मंगळवारपासून जे तुला सांगायचंय, ते फोनवर मला जमलं नसतं; बोलता बोलता मी स्वतःला सोडवून घेते. कागदावर तसं करता येत नाही, म्हणून लिहिलं. त्या वेळी तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर "हो" आहे. काल यशोदाकाकींनी तुझं विचारलं, मी म्हटलं, तिचं तिलाच विचारा. त्या रागावून गेल्या, उद्याही येतील. देवकीला रविवारी पाठवू नकोस. आलीच तर चहा देईन, पोई देणार नाही. तू ये. राहायचं की नाही ते आल्यावर ठरव, आणि पोईला न्यायचंच असेल, तर तुझ्या हातांनी ने. मागचं दार बंद असेल, पुढून ये.

तुझीच,
अंगठ्याला पट्टी बांधलेली
शालिनीताई