उपळी बुरुजावरून काय दिसतं

बाई, मागच्या महिन्यात उमरग्याजवळच्या एका शाळेतली पोरं वर्गात बसल्या बसल्या नळदुर्गच्या उपळी बुरुजावर चढून आली. डोळ्यांवर जाड काळा चष्मा बांधायचा, व्हीआर म्हणतात त्याला. मग समोर फळा राहत नाही, किल्ला उभा राहतो. मान वळवावी तिकडं तट, खाली वाकावं तर बोरी नदी. इतिहास शिकवायला असे किल्ले तयार करणं हे आता माझं पोटापाण्याचं काम आहे. त्या दिवसापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली, तरी.

सातवीत तुम्ही आम्हाला टेम्पोत बसवून किल्ल्यावर नेलं होतं. लहानपणीच्या पोलिओनं तुमचा एक पाय अधू, काखेत कुबडी. बुरुजाच्या त्या उभ्या पायऱ्या तुम्हाला कधीच चढता आल्या नाहीत. दरवर्षी नवा वर्ग घेऊन यायचं, पोरांना वर धाडायचं आणि आपण खाली दगडावर बसून राहायचं. "जावा. नीट बघा अन् मला येऊन सांगा. दिसलं तेवढंच सांगायचं. आधीच्यानं सांगितलेलं पुन्हा सांगायचं न्हाय." माझा नंबर शेवटचा. तोफा, शेतं, नदी, लांबून जाणारे ट्रक, सगळं आधीच्यांनी सांगून संपवलेलं. मी घाबरत म्हणते, "बाई, तोफेच्या तोंडात चिमणीनं घर केलंय." पोरं फिदीफिदी हसतात. तुम्ही हसत नाही. पुढं वाकून विचारता, "अंडी हायती का पिल्लं?" मी बघितलेलंच नसतं. पुन्हा वर पळते, धापा टाकत खाली येते. "पिल्लं हायती, बाई. अन् खाली जुन्या काड्यांचा थरावर थर हाय." तुम्ही सगळ्या वर्गाकडं बघता. "मग ही तोफ उडून किती दिस झाले असतील?" आता कुणी हसत नाही. सगळे विचार करायला लागतात, आणि मला पहिल्यांदा कळतं की मी बघितलेली गोष्ट कुणाच्या तरी कामाची असू शकते.

पुढं मी पुण्याला गेले, हे काम शिकले. तुम्ही निवृत्त झाल्यावर एकदा नळदुर्गला तुमच्या घरी आले होते. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तुम्ही शेंगदाण्याची चटणी कुटत होता. मी सांगितलं, आम्ही आपलाच किल्ला करायला घेतलाय, चष्मा लावला की बसल्या जागी बुरुजावर जाता येतं. "म्हंजी मला बी वर जाता येईल?" तुम्ही थट्टेनं विचारलंत, पण कुटणारा हात थांबला होता. चष्मा माझ्या पिशवीतच होता, बाई. किल्लाही त्यात उभा राहिला होता. दगडांना रंग नव्हता, नदीत पाणी नव्हतं, सगळं राखाडी; पण पायऱ्या होत्या आणि त्या चढता येत होत्या. मी म्हणाले, "अजून कच्चं आहे. नीट झालं की पहिलं तुम्हालाच दाखवते." "कच्चं असलं म्हणून काय झालं," तुम्ही म्हणालात आणि मला चटणीचा डबा भरून दिलात. मग दगडाचा रंग जमेना, संध्याकाळचं ऊन जमेना, काम लांबत गेलं. तुम्ही गेल्याचं मला वर्गातल्या मुलींच्या ग्रुपवर कळलं. तोवर नदीत पाणी आलं होतं. खरं तर तुम्हाला त्या पाण्याशी काय देणंघेणं होतं! तुमची शाबासकी हवी होती ती मला. तुम्हाला फक्त वर जायचं होतं.

त्या शाळेत पोरांनी चष्मे काढले आणि "लई भारी!" म्हणून ओरडली. मी विचारलं, "काय दिसलं?" "समदं दिसलं." "म्हणजे काय?" "तोफ." दुसरा म्हणाला, "तोफ." तिसराही तेच. सगळ्यांनी एकच बघितलं होतं, एकमेकांना सांगायला कुणाकडं काही उरलं नव्हतं. एवढी वर्षं खपून मी हे केलं होतं. दुसऱ्या तुकडीच्या वेळी बाकीच्या चष्म्यांचं चार्जिंग संपलं, एकच चालू राहिला. तो एका बारक्या मुलीनं लावला आणि बाकीची तिच्याभोवती गोळा झाली. "डावीकडं बघ की!" "खाली माणसं हायती का?" "वर पाणी कुठनं नेत व्हते गं?" ती मान फिरवत, अडखळत सांगत होती. एकदा चिडून म्हणाली, "थांबा की, बघू द्या!" मी उरलेले चष्मे चार्जिंगला लावलेच नाहीत.

पुण्यात आल्यावर मी ऑफिसातल्या साहेबांना म्हणाले, चार-पाच पोरांत एकच चष्मा द्यायचा, एकानं बघायचं, बाकीच्यांनी विचारायचं, असं करू या. ते म्हणाले, "प्रत्येक मुलाला स्वतंत्र अनुभव, हेच तर आपण शाळांना सांगतो." मी बरंच भांडले. शेवटी ती सोय ठेवली, पण चष्म्याच्या सेटिंगमध्ये आत कुठंतरी, शोधल्याशिवाय सापडणार नाही अशा जागी. उमरग्याकडची ती शाळा वापरते. बाकी कुणी वापरत असेल असं वाटत नाही.

त्या दिवशी शाळेतून परतताना नळदुर्ग लागलं तेव्हा भाड्याच्या गाडीचा चालक म्हणाला, "मॅडम, हितं किल्ला हाय. बघितलाय का?" मी म्हणाले, "नाही." मग सोलापूर येईपर्यंत तो सांगत राहिला, नदीवरच्या बंधाऱ्याच्या भिंतीतला महाल, पावसाळ्यातले दोन धबधबे, वरचा वारा. त्यातलं निम्मं चुकीचं होतं. मी एकदाही दुरुस्त केलं नाही. मधूनमधून विचारत होते, "मग? अजून काय दिसतं?" हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही, माझ्यापाशीच राहील. त्या माणसाशी मी खोटं बोलले, तेवढं तुम्हाला सांगायचं होतं.