शेवटच्या भोंग्यानंतर

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा पैलवान कायम झाला! टोमॅटोच्या कारखान्यात चार वर्षं तात्पुरता म्हणून राबलो, यंदा साहेबांनी बोलावून सही घेतली. करारात लिहिलंय कायम, अर्धवेळ, हंगामी. हे तिन्ही एकदम कसं असतं ते मला उमजलं नाही, म्हणून नक्कल सोबत पाठवतोय. तू ऑफिसात असलेच कागद चाळत असतेस, सावकाश वाचून कळव.

आपली धाकटी चिमी यंदा माझ्याच पट्ट्यावर आहे, तात्पुरतीच. तोंड चालतं त्याहून हात भरभर चालतात. मुकादम मात्र सगळ्यांच्या जिवावर उठलाय. देठ अडकले की पट्टा थांबवायला नको, म्हणून त्याने चिरायच्या यंत्राचं झाकणच काढून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात शेवटचा भोंगा. तो झाला की करार संपतात, आणि हंगामभराचा राग कारखान्याच्या अंगणात हातांनी काढायचा, ही आमच्याकडची रीत. मुकादमही बाह्या सारून उभा राहतो. नंतर कुणी त्याचा विषय काढत नाही. यंदा मी त्याला सोडणार नाही.

भावजींना नमस्कार. माया आहेच, ती वाढू दे.

तुझा
पैलवान


१० नोव्हेंबर

चि. पैलवानास,
अ. आ.

वाचून ऊर भरून आला. तुझे भावजी म्हणाले की अर्ध्या दिवसाचा आणि अर्ध्या वर्षाचा कायम म्हणजे पाव कायम. मी त्यांना गप्प केलं.

आता नीट वाच. अर्धवेळ म्हणजे रोज चारच तास. हंगामी म्हणजे माल येईल तेवढेच महिने काम, एरवी पगार नाही. पण कायम म्हणजे त्या बिनपगारी महिन्यांतही तू त्यांचाच माणूस. पुढच्या हंगामात त्यांना तुला बोलवावंच लागतं, आणि तुलाही जावंच लागतं. भोंग्याने बाकीच्यांचा करार संपतो, तुझा संपत नाही. तेव्हा मुकादमाला बोट लावू नकोस. तुझं डोकं फिरलं की तुला काही दिसत नाही, म्हणून बजावते. आणि चिमीला त्या यंत्रापासून लांब उभं कर.

दोघांनी तब्येती सांभाळा, पत्र पाठवत राहा.

तुझी
ताई


१४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज हातात पडलं. फार उशीर झाला.

शेवटच्या दिवशी देठ अडकले. मुकादमाने चिमीला हात घालायला सांगितलं. ती नको म्हणाली, तर आईवरून शिवी हासडली. तिने हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं गेली, ताई. रस कुठला आणि रक्त कुठलं कळेना, आणि पट्टा चालूच होता. मीच धावत जाऊन बंद केला. तिला दवाखान्यात पोचवलं आणि भोंग्याच्या वेळी परत आलो.

मी त्याला मारलं. पहिल्या ठोशात दात पडले. आडवा झाल्यावरही मारत राहिलो. जबडा मोडल्याचा आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणखी चौघांनी लाथा घातल्या, पण त्यांचे करार संपलेले, त्यांना कोण विचारतो? चौकशीला बोलावलंय ते मला एकट्याला.

आमचे साहेब बाजूला घेऊन म्हणाले की दारूच्या नशेत जुनं भांडण उकरून काढलं असं सांग, माफीवर भागवू. झाकणाचा विषय काढलास तर घरी बस. चिमीची बोटं तिच्याच निष्काळजीपणाने गेली, असं त्यांनी ठरवूनही टाकलंय. बाकीचे तोंड उघडणार नाहीत. त्यांना परत घ्यायचं की नाही ते मुकादम ठरवतो. बोलायला मीच उरलो. काय करू ते लगेच कळव.

तुझाच
पैलवान


१८ नोव्हेंबर

चि. पैलवानास,
अ. आ.

पत्र मिळालं. त्या मेल्याचे हातपाय तोडले असतेस तरी मला वाईट वाटलं नसतं.

पण आता डोकं थंड ठेव. चिमीची बोटं काही परत येत नाहीत. तुझी नोकरी गेली तर तिला खायला कोण घालणार? साहेब सांगतात तसं बोल. चिमीला यातलं काही कळू देऊ नकोस, पोरगी आधीच खचली असेल.

तिच्या डोक्यावरून माझा हात फिरव.

तुझी
ताई


२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे डाव्या हाताचं अक्षर आहे, चालवून घे.

दादाची नोकरी राहिली. प्यायलो होतो, जुनं भांडण होतं, असं सांगून आला. झाकणाचं नाव काढलं नाही. मी जाब विचारला तर म्हणाला की ताईचाच सल्ला होता, आणि तुझं पत्र पुढे केलं. ते मी वाचलं. मग ओट्यावरचा तवा उचलला आणि त्याला मारलं. खांद्यावर, पाठीवर, तोंडावर. भुवई फुटली, भिंतीवर रक्त उडालं. इतका पैलवान, पण त्याने हात वर केला नाही. मी दमले तेव्हाच थांबले. पट्टी मीच गुंडाळली. गाठ मला मारता येईना, ती त्याची त्यानेच मारली.

मला खायला कोण घालणार याची तुम्हा दोघांना फार काळजी. मला कुणी विचारलं नाही. उद्या मी चौकशीला वरून आलेल्या साहेबांसमोर जाऊन बसणार आहे. झाकण कुणी काढलं, शिवी कुणी दिली, आणि माझा भाऊ खोटं बोलला, सगळं सांगणार आहे. माझा करार संपलाय, मला काढून टाकणार कुठून? दादाला मात्र काढतील. तसं त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला की मी त्याच्या पोटावर पाय देतेय. मी हो म्हटलं.

शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. तुझा उरतो की नाही, ते उद्यानंतर कळव.

तुझी
चिमी