कोरडी भिंत

उस्ताद, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मला जरा बरं पडतं आहे. तुम्ही असता तर हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तो कुणीतरी मीच असतो. मग मधल्या चार ओळी मी गाळल्या असत्या. तुमच्या बाबतीत मी आजवर तेच करत आलो आहे.

कारंज्यात तुमचं सायकलीचं दुकान होतं त्या गल्लीतली म्हातारी माणसं अजून तुमचं नाव काढतात. मौतच्या कुव्यात मोटारसायकल चालवणारा काय तो माणूस, आणि किती जीव लावून शिकवायचा, असं म्हणतात. मी मान हलवतो. जीव कसा लावायचात ते माझ्या मनगटांना ठाऊक आहे. मी कामरगावच्या माळ्याचा मुलगा, विशी ओलांडलेला, वांग्या-मिरच्यांच्या पाट्या टाकून तुमच्याकडे आलो तो गाडी चालवायला. आणि पहिले चार महिने तुम्ही मला गाडीला बोटही लावू दिलं नाही. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळायची मारामार होती, हे खरं. पण कारण ते नव्हतं. "आधी पडाले शीक," तुम्ही म्हणालात. "चालवते तं कोणीबी." खळ्यावर कुटार, म्हणजे भुसा, पसरायचं, मी सायकल भरधाव आणायची आणि तुमची शिट्टी झाली की असेन तिथं पडायचं. पडताना हात टेकला की मनगटावर तुराटीचा फटका. "हात टेकला का हाड गेलं. अंग ढिलं सोड. गाडी सोडून दे, ते का तुही मावशी हाये, काहून धरून राह्यला तिले?" रोज तुम्ही कुटाराची एक टोपली कमी करायचात. मी मोजत नव्हतो, पण एका सकाळी पडलो तेव्हा खाली नुसती जमीन होती आणि तुम्ही दुसरीकडे पाहत विडी ओढत होतात. त्या दिवशी माझं काही मोडलं नाही. शाबासकीही मिळाली नाही.

एकदा मात्र माझा गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी आमच्या मळ्यातली फाटकी मोट मागवून घेतलीत, तिचं चामडं कापलंत, आत सरकीसकट कापूस भरलात आणि स्वतः टाके घालून माझ्या गुडघ्यांसाठी दोन ढाली केल्यात. बांधताना इतक्या आवळल्यात की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मोटीच्या चामड्याले पान्याची सवय असते," तुम्ही म्हणालात, "रड किती रडतं तं." त्या ढाली अजून माझ्याकडे आहेत. चामडं वाळून कडक झालं आहे, टाका एकही सुटलेला नाही.

मग ती लाकडी विहीर. तीन पुरुष उंच, आतून उभ्या फळ्या, तळाशी जरा उतार, वर काठाला लोखंडी पट्टी, आणि काठाबाहेरच्या माचावर दाटीवाटीनं उभी माणसं. "तुह्या घरच्या विहिरीवर बैल मागं सरकते तवा मोट खाली जाते," तुम्ही म्हणायचात. "माह्या विहिरीत जो मागं सरकला तो मेला." वेग तोडायचा नाही, खाली पाहायचं नाही, आणि भिंत कोरडी पाहिजे. प्रत्येक खेळाआधी शिडी लावून मी फळी न् फळी पुसत असे. तुम्ही गाडीपाशी वाकलेले असायचात आणि मान वर न करता विचारायचात, "भिंत?" मी म्हणायचो, "कोरडी, उस्ताद." त्यानंतरच तुमचा पाय किकेवर जायचा. माझ्या डोळ्यांवर तुमचा एवढा भरवसा होता. तेव्हा मला ते कळलं नाही, मला वाटायचं हीसुद्धा एक वेठच.

आणि बाबांचं. एकदा ते तुमच्यासाठी भाजी घेऊन आले होते, पाय चिखलाचे, आणि हौसेनं विहिरीत शिरून तळाच्या उतारावर चढून वर बघू लागले. तुम्ही आठ-दहा माणसांदेखत त्यांना त्यांचं पागोटं सोडायला लावलंत आणि त्यानंच ती फळी पुसून घेतलीत. "बराबर पूस, म्हाताऱ्या. तुह्याच पोराचा जीव पुसून राह्यला तू." बाबांनी पुसली. मी हातात फडकं असून उभा राहिलो. ओलं पागोटं काखेत मारून ते गेले आणि परत कधी आले नाहीत. तुमचं बरोबर होतं, उस्ताद, आणि त्यासाठी मी तुमचा जास्तच द्वेष केला.

आता मानोऱ्याकडची ती जत्रा. दुपार आहे, डफ वाजतो आहे, आणि तुमचा खेळ झाला की मी पहिल्यांदा लोकांसमोर भिंत चढणार आहे. भिंत पुसून, शिडी बाहेर काढून मी तळाशी तुमच्या शेजारी उभा आहे. तुम्ही गाडीवर वाकलेले. मी सहज वर पाहतो तर काठाशी माझी माय. बैलांच्या दमणीत बसून न सांगता आलेली. तिच्या हातात नारळ आहे. आमच्याकडे नव्या विहिरीत माणूस उतरायच्या आधी काठावर नारळ फोडतात, आणि तिच्या लेखी ही विहीरच होती, तिचा मुलगा तिच्यात उतरला होता. तिनं नारळ कपाळाला लावला आणि लोखंडी पट्टीवर फोडला. पाणी आतल्या बाजूनं दोन फळ्यांवरून ओघळू लागलं. बाजूच्या बायांनी हात जोडले. तुम्ही विचारलंत, "भिंत?"

माझ्या डोळ्यांसमोर बाबांचं पागोटं आलं. तुम्ही तिला कशानं पुसायला लावाल, हे एवढंच डोक्यात होतं. लुगड्याचा पदर. एवढ्या माणसांत. मी म्हणालो, "कोरडी, उस्ताद."

तिसऱ्या फेऱ्याला तुम्ही काठापर्यंत चढलात आणि मागचं चाक सुटलं. तुम्ही पडलात ते अगदी शिकवल्यासारखे. हात पोटाशी, अंग ढिलं, गाडी सोडलेली. पण सोडलेली गाडी तुमच्यामागून आली आणि कमरेवर पडली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तुम्ही दुकानातल्या खाटेवर होतात. कूस बदलायला माणूस लागायचा, आणि तो माणूस बहुधा मीच असे. तुम्ही मला रोज तेच विचारायचात, शिव्या न देता, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. "तू पाहून राह्यला होता. माह्यं काय चुकलं रे? हात ढिला पडला का माहा?" एका संध्याकाळी मी म्हणालो, "तुमचं वय झालं, उस्ताद." तुम्ही छताकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हाव. असंन." त्यानंतर तुम्ही कधी विचारलं नाही. आणि फार दिवस राहिलाही नाहीत.

मायला कुणी काही सांगितलं नाही. मी चढणार होतो आणि त्याआधी तुम्हीच पडलात, म्हणून ती मरेपर्यंत गावभर सांगत राहिली, "नारळानं राखलं माह्या लेकराले." मी ऐकत जेवत असे. पुढं मी अठरा वर्षं भिंत चढलो. पुष्कळदा पडलो, हाड एकदाही मोडलं नाही, ही तुमच्या तुराटीची करामत. मी शिकवलं तेव्हा कुणावर हात उगारला नाही. लोकांना ते चांगुलपण वाटलं. मला फक्त माहीत होतं की मार खाल्लेला माणूस खरं सांगत नाही. "भिंत?" असं मी कुणाला विचारलं नाही. शिडी लावून स्वतः चढायचो आणि फळ्यांवर तळहात फिरवायचो.

हे पत्र त्या ढालींत, कापसाच्या बाजूला घालून शिवून टाकीन. तुमच्या कबरीवर जाऊन मोठ्यानं वाचावं असं एकदा मनात आलं, पण तिथंही मी ओळी गाळल्या असत्या. आणि गाळायची ओळ नारळाची नाही, उस्ताद. तेवढं घाबरून झालं, असं म्हणून मी स्वतःला केव्हाच माफ केलं आहे. गाळायची ओळ ही. गाडी त्या दिवशी पहिल्या किकेला लागली नाही. दुसऱ्यालाही लागली नाही. तुम्ही थांबलात, घाम पुसलात, पेट्रोलची तोटी पाहिलीत. पहिल्या किकेला नारळाच्या पाण्याचा तो ओघळ चार बोटं होता, तिसऱ्या किकेला हातभर झाला होता. मी बघत होतो.