मागच्या अंगणातली कण्हेर

गोत्री, बडोदे
८ मार्च २०२४

ती. दादास,
कुसुमचा शि. सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून घरातलं सांगवत नाही, म्हणून पत्र.

मागचा गुलमोहर वादळात पडला. आता तिथं दिवसभर ऊन रणरणतं. गुलाब गेले, यांनी हौसेनं लावलेला गवती चहासुद्धा करपला. हे सकाळपासून मागच्या दारात बसून त्या उघड्या मातीकडे बघत राहतात. विसरणं फार वाढलंय. परवा मला ‘बेन’ म्हणाले आणि हात जोडून विचारलं, तुमी कोण?

यांना सोडून पाणी घालत बसणं मला जमत नाही. उन्हात तगेल, वर्षानुवर्षं राहील आणि माझ्याकडे काही मागणार नाही, असं काय लावू? जन्मभर रोपवाटिका चालवलीस, तर सांग. व्याख्यान नको.

तुझी,
कुसुम

सांगली
१९ मार्च २०२४

चि. कुसुमला अनेक आशीर्वाद.

व्याख्यान नको म्हणतेस, मग दोनच नावं. कण्हेर लाव. उन्हात फुलते, पाणी विसरलीस तरी रुसत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. कडेनं सदाफुली, तुमची बारमासी. बोगनवेल नको; काटे धनाजीरावांच्या हाताला लागतील.

राजवर्धनला खड्डे खणायला लाव, तुझ्या लेकाचं पोट कमी होईल. स्वतः वेळेवर जेवत जा.

तुझा,
संपतदादा

गोत्री, बडोदे
२ जुलै २०२४

दादा,

हे गेले. राजवर्धननं तार केल्यासारखे चार शब्द कळवले असतील. बाकीचं मी सांगते.

गवती चहा होता त्याच जागी कण्हेर लावली होती. छान वाढली. त्या सकाळी मी अंघोळ करून आले तर यांनी दोन कप चहा करून ठेवलेला. वर्षभरात यांनी गॅसला हात लावला नव्हता. मला इतका आनंद झाला की कप तसाच ठेवून मी राजवर्धनला फोन लावायला धावले, बाबांनी चहा केला म्हणून. परत आले तोवर यांचा कप रिकामा. मी घोट घेतला, तर कडूजहर. पातेल्यात कण्हेरीची पानं होती.

दवाखान्यात नेलं. हृदयाचे ठोके काही ताळ्यावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले.

कुसुम

सांगली
१३ जुलै २०२४

कुसुम,

गुरं तोंड लावत नाहीत असं लिहिलं, का लावत नाहीत ते लिहिलं नाही. काट्यांचा विचार केला आणि विषाचा केला नाही. तुझ्या दारात कोणत्या तोंडानं येऊ? ते झाड काढून टाक.

दादा

गोत्री, बडोदे
२४ जुलै २०२४

ती. दादास,
नमस्कार.

कण्हेर विषारी हे मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. यांनाही होतं. ते यांच्यातून कधी पुसलं गेलं, ते मात्र कळलं नाही. तेव्हा सगळं एकट्यानं डोक्यावर घेऊ नकोस, आणि येत जा. मला तू लागतोस.

राजवर्धननं सगळं उपटलं आणि अंगणात फरशी घातली. आता काही बघावं लागत नाही. मागचं दार मी उघडत नाही.

भेटायला येणारे विचारतात, शेवटी काही बोलले का. मी नाही म्हणते. तुला तेवढं खरं सांगते. कप पुढे करून म्हणाले होते, कुसुम, चहा घे.

तुझी,
कुसुम