अजिनाथला हाक

सोमवार, १० फेब्रुवारी
सकाळच्या एसटीनं माढ्याहून आले आणि दुपारी थेट माइकसमोर! भवानी पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमचं एवढंसं एफएम स्टेशन. खाली यंत्रमागांचा खडखडाट, वर जुनी गाणी. बारा ते दोन फर्माइशींचा कार्यक्रम माझा. यंत्रं सांभाळणारे चनबसप्पा म्हणाले, आवाज चांगला आहे, जरा सावकाश बोला की. खोलीही जवळच मिळाली. माझी लेक संस्कृती तापानं गेली त्याला परवा वर्ष झालं. सात वर्षांची होती. त्यानंतर आज पहिल्यांदाच कुणाशी तरी हसून बोलले.

बुधवार, १२ फेब्रुवारी
पेठेतल्याच सोजरबाईंचा फोन आला. गाणं नको म्हणाल्या, फक्त निरोप द्यायचा होता. "माज्या अजिनाथला सांगा, आई ताट वाढून बसलीया. जेवाय ये म्हणावं." मी कौतुकानं रेडिओवरून हाक मारली. नंतर चनबसप्पांनी सांगितलं, अजिनाथ ट्रक चालवायचा, दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. माझ्या आधीची मुलगी सोजरबाईंचा फोन उचलायचीच नाही म्हणे. मला ते जमायचं नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी
त्यांच्यासाठी रोज हाक मारते. आज हेडफोनमध्ये कुणीतरी 'ओ' दिली. पुरुषाचा आवाज, तोंडात माती असल्यासारखा. फोनची लाइन तेव्हा बंद होती. चनबसप्पांनी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. त्यातही ती 'ओ' आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
सोजरबाई फोनवर आनंदानं रडत होत्या. अजिनाथ आला म्हणाल्या. कालपासून जेवतोय, पण पोटच भरत नाही त्याचं. डब्यातलं पीठ संपलं. हात लई गार हायेत लेकराचे, म्हणाल्या. मागून चावण्याचा आवाज येत होता. थांबत नव्हता.

गुरुवार, २० फेब्रुवारी
कालही फोन नाही, आजही नाही. चनबसप्पांना घेऊन त्यांच्या घरी गेले. दार आतून बंद होतं, शेजाऱ्यांनी तोडलं. सोजरबाई भिंतीला टेकून बसलेल्या, गेलेल्या— हाडांवर नुसतं कातडं. महिनाभर अन्न न मिळाल्यासारख्या. परवा तर माझ्याशी बोलल्या होत्या. समोरचं ताट चाटून लख्ख केलेलं. आणि चेहऱ्यावर हसू.
परत येताना चनबसप्पांनी मला शपथ घातली, यापुढं कुणालाही हाक मारायची नाही. मी हो म्हणाले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
भीती वाटते. पण डोळ्यांपुढं ते ताट येत नाही— ते हसू येतं. त्यांना तो भेटला.

शनिवार, २२ फेब्रुवारी
मारली हाक. चनबसप्पा चहाला खाली गेले होते. गाणं संपलं, माइक चालू— संस्कृती, ये गं, आई वाट बघतीय. तीनदा. तिसऱ्यांदा 'ओ' आली. बारीक. तिचीच.

रविवार, २३ फेब्रुवारी
दुपारचे बारा. शेवयांची खीर केलीय. पातेलंभर.
चनबसप्पांचे फोन येतायत. उचलत नाही. ते काय सांगणार ते मला ठाऊक आहे. माझं काय होणार, तेही—
जिन्यात पावलं. मध्येच थांबतात. चौथ्या पायरीवर दम लागायचा तिला—
दाराखालून गारठा येतोय. "आई, भूक लागली."
वर्षभर उपाशी माझं पोर, आणि मी इथं— उठते. कडी काढते. आधी मांडीवर घेईन, मग तिला