पलीकडचं छत्रीचं दुकान

ता. ६ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

एकाच शहरात राहून आपण पत्रं लिहितो म्हणून माझ्याकडे कवळ्या करून घ्यायला येणारे दातांचे डॉक्टर हसतात. हसू देत. तुझ्याकडे यायचं तर अख्खा रविवार रस्त्यात जातो, आणि फोन केला तर खालच्या हॉर्नमुळे तुझं अर्धंच ऐकू येतं. तसाही तू फोनवर हुं हुं करण्यापलीकडे काय बोलतोस?

तू वाहतूक विभागात आहेस म्हणून तुलाच सांगते. मोठ्या रस्त्यावर बससाठी वेगळी पट्टी आखली आणि तिथल्या मोटारी सगळ्या आपल्या गल्लीत सोडल्या. महिना झाला, सकाळपासून गाडीला गाडी चिकटलेली. मी खिडकीशी कवळ्या घडवायला बसते तर मेणावर धूळ बसते. परवा एका कवळीचा दात वाकडा बसला. त्या बाई आता हसल्या तरी रागावल्यासारख्या दिसतात म्हणे.

माझं जाऊ दे. बाबा रोज दुपारी समोर छत्रीवाल्या काकांकडे बुद्धिबळाला जायचे, ते बंद झालंय. जन्मभर याच शहरात बस चालवलेला माणूस, पण काठी टेकत कडेला उभे राहतात, गाड्यांकडे बघतात आणि जिना चढून परत येतात. काकांचे गुडघे तर बाबांपेक्षा वाईट. आता दोघं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत खेळी लिहून एकमेकांना दाखवतात, हे खिडकीतून आणि ते दुकानाच्या दारातून. मध्ये मालाची गाडी थांबली की एका खेळीला दुपार जाते. बाबांना या वयात तेवढीच एक जागा होती जायला.

ज्या कोणा शहाण्याने ही करामत केली त्याला गाठ आणि माझ्या वतीने चार शब्द सुनाव. जेवत जा वेळेवर.

तुझी काळजी करणारी,
ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबांना भूक लागते ना? झोप लागते ना? तू खिडकीला जाळी लावून घे, मी माणूस पाठवतो.

शहरात रस्ते कमी पडतात असं सगळे म्हणतात. आम्हाला दिसतं ते निराळंच. एकेका मोटारीत एकटा माणूस, शाळेच्या दारात प्रत्येक मुलामागे एक गाडी, उभं राहायला जागा मिळेपर्यंत घिरट्या घालणारे लोक आणि भर रस्त्यात माल उतरवणारे दुकानदार. रस्ता रुंद केला तर थोड्याच दिवसांत तोही भरतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून बसला तिची स्वतःची वाट दिली. आता बस वेळेवर धावतात आणि काही जण तर मोटार घरी ठेवून निघायला लागलेत. बाबांना हे सांग, त्यांना बरं वाटेल.

आपल्या गल्लीचं विभागात विचारून बघतो. असे निर्णय पुष्कळ जण मिळून घेतात, कुणा एकाचं नाव सांगता येत नाही. तोवर बाबांना टोकाच्या सिग्नलवरून नेत जा. तेवढाच त्यांना व्यायाम.

बाबांना नमस्कार. माझ्यावर राग धरू नये.

तुझा,
धाकटा

ता. ३ मार्च

चि. घुम्यास,
आशीर्वाद.

एवढं लांब पत्र तू जन्मात लिहिलं नव्हतंस. लहानपणी तुझ्या हातून काही फुटलं की तू असाच घडाघडा बोलायला लागायचास, म्हणून माझ्या मनात पाल चुकचुकली आहे.

तुझ्या सांगण्यावरून बाबांना सिग्नलवरून नेलं. अर्ध्यात पोचलो आणि पायी माणसांचा दिवा लाल झाला. दोन्हीकडून गाड्या सुटल्या. मी बाबांचा हात घट्ट धरून मधोमध उभी राहिले. घरी आल्यावर म्हणाले, बुद्धिबळाचा आता कंटाळाच आलाय. कंटाळा कसला, घाबरलेत ते. पुठ्ठाही कपाटामागे सारून दिला. समोर काकांच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही, कारण कुणाला थांबताच येत नाही.

माझंही ऐक, तूच एकटा बोलणी खातोस असं नको. इतकी वर्षं मी एक कवळी पोचवायला मोटार काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला जात होते. कवळी शेजारच्या सीटवर आणि मी पुढच्या गाडीवाल्याला शिव्या देत. त्या रांगेत मीही होतेच की. गेल्या आठवड्यापासून बसने जाते. वेळेवर पोचते, मेलं. त्यामुळे तुमच्या विभागाला मनापासून बोलही लावता येत नाही.

पण घुम्या, तू काय लपवतोयस?

वाट पाहणारी,
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तो शहाणा मीच.

कुठल्याही गल्लीतून वाहतूक सोडायची तर आधी आम्ही तिथे माणसं बसवून मोजणी करतो. वाहनं किती, पायी चालणारे किती, कोण कुठून ओलांडतं. बाकी सगळ्या गल्ल्यांची केली. आपल्या गल्लीची पाळी आली तेव्हा मी साहेबांना म्हटलं की तिथे माणसं बसवायची गरज नाही, मी तिथेच वाढलोय, दुपारी चिटपाखरू नसतं. आपण रस्त्यात फतकल मारून पत्ते खेळायचो, तीच गल्ली माझ्या डोळ्यांपुढे होती. साहेबांनी माझ्या शब्दावर सही केली. बाबा रोज दुपारी समोर जातात हे मला माहीत होतं, ताई. माहीत असून आठवलं नाही. आपली माणसं मी माणसांत धरलीच नाहीत.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. मूग गिळून बसलो. तुझ्या शिव्या वाचल्या आणि पुन्हा वाचल्या, आणि उत्तरात तुलाच शहाणपण शिकवलं. ते सिग्नलचं वाचल्यापासून घास उतरत नाही.

काल साहेबांपुढे उभा राहिलो. ते भडकले नाहीत, पण यापुढे माझ्या शब्दावर सही करणार नाहीत एवढं कळलं. गल्लीच्या मधोमध लोखंडी खांब रोवायचं मी सुचवलंय. पायी माणूस आणि सायकल जाईल, राहणाऱ्यांच्या गाड्या आल्या वाटेने परत फिरतील, आरपार कुणी जाणार नाही. मग त्या मोटारी जातील कुठे, असं साहेबांनी विचारलं. काही मोठ्या रस्त्यावर रांगेत थांबतील आणि काही घरीच राहतील, असं म्हटलं. आधी मोजणी करून आणा म्हणाले. ती आता मी स्वतः उभा राहून करून घेणार आहे. तरी वेळ लागेल.

बाबांना तू सांग. माझ्याने होत नाही.

अपराधी,
धाकटा

ता. २ एप्रिल

चि. घुम्यास,
आशीर्वाद आहेतच. रागही आहे.

तुझं पत्र वाचून इतके दिवस उत्तर लिहायला हात उचलला नाही. बाबांना त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, बस खरंच वेळेवर धावतात का. मी हो म्हटलं.

काल छत्रीवाले काका गेले. घाबरू नकोस, धडधाकट आहेत. दुकान उठवून मुलीकडे गेले, दुसऱ्या गावी. निघताना गडबडीत वर निरोपही आला नाही. सामान चढताना बाबांनी खिडकीतून पाहिलं. जिना उतरेपर्यंत टेम्पो सुटला होता. सुटून जातो कुठे, तुझ्या रांगेत जाऊन अडकला. सगळ्याच गाड्या ठप्प उभ्या, म्हणून बाबा त्यांच्या मधून वाट काढत पलीकडे पोचले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. टेम्पोच्या खिडकीवर हात ठेवून ते कोपऱ्यापर्यंत चालत गेले. टेम्पो जरा सरकायचा, बाबा जरा चालायचे. हॉर्नमध्ये मला एक शब्द ऐकू आला नाही. काका मात्र डोळे पुसत होते. मग दिवा हिरवा झाला.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, गाड्या तुंबल्या होत्या म्हणून भेट तरी झाली, घुम्याला कळव. कळवते. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला सोसवला असता.

ताई

ता. २१ मे

चि. घुम्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

सोमवारी तुझी माणसं येऊन खांब रोवून गेली. त्यांच्यात तू असशील म्हणून मी खिडकीतून बघत होते. आला नाहीस.

गल्ली अगदी शांत झाली आहे. मेण स्वच्छ राहतं. मुलं रस्त्यात खेळतात. मोठ्या रस्त्यावर रांग जरा वाढली, पण बस तशीच धावते. तुझं काम चोख झालं, हे मी मनापासून लिहिते.

बाबा दुपारी काठी घेऊन खाली उतरतात. आता कडेला थांबावं लागत नाही. सरळ पलीकडे जातात, बंद दारापाशी जरा उभे राहतात आणि परत येतात. रोज जातात. मी विचारलं तर म्हणाले, पोराने रस्ता करून दिलाय, तर वापरायला नको?

तू ये. माफी मागायला नको, ती त्यांनी कधीच देऊन टाकलीय. दुपारी ते निघतील तेव्हा नुसता बरोबर जा आणि त्यांच्याशेजारी उभा राहा.

माया आहे ती आहेच,
ताई