कालव्याच्या अलीकडे

मेहिकाली खोरं,
१४ मार्च २००९

प्रिय एवारिस्तोदादा,

तू, वहिनी आणि बाळ मजेत असाल. इकडे वारा सुटलाय, झाडून झाडून हात दुखतात. शेजारच्या चोलेकाकूंच्या गाईला कालवड झाली. काकूंचा तोरा असा, जणू नातच झाली.

फोनवर तू विचारतोस आणि मी "सगळं छान" म्हणते, कारण फोन बाबांच्या खाटेशेजारी आहे. हो, खाटेशेजारी. गेल्या महिन्यात मोटर नुसती हवा ओढायला लागली, म्हणून पाइप आणखी खाली सोडायला ते स्वतः विहिरीत उतरले. शिडीवरून पाय सटकला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता काठी धरून दारापर्यंत येतात. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

पाणी आहे, पण पार तळाला, आणि खारट. लसूणघास पिवळा पडला. कांदापात यंदा कुणी लावलीच नाही, तेव्हा जुड्या बांधायचं माझं कामही गेलं. आबुंदियो समुद्रकाठी एन्सेनादाला कामाला निघाला तेव्हा म्हणाला, "चल माझ्याबरोबर, तिथं लग्न करू. बाबांनाही घेऊ." मी बाबांना विचारलं, तर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आबुंदियो एकटाच गेला. त्याच्याबद्दल पुन्हा काही विचारू नकोस.

इतकं सगळं लिहिलं, पण मुख्य गोष्ट टाळतेच आहे. दादा, तू सांगतोस तसा लेट्यूस भरायच्या शेडमध्ये कामाला नाहीस हे आम्हाला माहीत आहे. वर्षभर तू घरी का फिरकला नाहीस, तेही.

थंडीच्या सुरुवातीला गावातली माणसं सीमेवर घोषणा द्यायला गेली होती. बाबाही गेले. पलीकडे, अमेरिकेच्या हद्दीत, नव्या कालव्याला काँक्रीट चढत होतं आणि तू उतारावर गुडघे टेकून थापी फिरवत होतास. नासारियोकाका ओरडले, "अहो, तो बघा तुमचा पोरगा! मातीच्या कालव्यातून झिरपून येत होतं तेवढंच आपलं पाणी, आणि हा तेच बंद करतोय!"

"माझा पोरगा नाही तो," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर मी विचारलं. "तोच होता," म्हणाले. जेवण झाल्यावर पुन्हा आपणहून बोलले, "हात चांगला बसलाय त्याचा. त्यानं लिंपलेल्या पट्ट्यातून थेंबही झिरपायचा नाही." त्यांना अभिमान वाटत होता की दुःख, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

मला मात्र तुझा संताप आला. दुकानात साबण उधार मागितला की बाई म्हणते, "तुम्हाला कशाला उधारी? पलीकडून सिमेंटचा पैसा येतो ना!" तू नसतास तर दुसऱ्या कुणी ते काम केलं असतं, तुझ्या पदरात लेकरू आहे, हे सगळं पटतं रे. तरी राग जात नाही.

आता काम संपलं, ईस्टरला येऊन मागच्या तुकड्यावर दोन खोल्या बांधीन म्हणतोस. बांधू नकोस. तो तुकडा मिठानं पांढरा पडलाय. इथं राहण्यासारखं काही उरलेलं नाही.

पण जेवायला ये. काल बाबांनी विचारलं, "येणार आहे ना तो?"

मी म्हटलं, "काय सांगू त्याला?"

"विहिरीचं बोलायचं नाही म्हणावं. आणि पोराला घेऊन ये म्हणावं."

अंधार पडल्यावर मागच्या वाटेनं लपत येऊ नकोस. दुपारच्या बसनं ये. मी थांब्यावर उभी असेन. आपण दुकानासमोरून, नासारियोकाकांच्या दारावरून चालत येऊ. बाळाला माझ्या कडेवर दे. कुणी काही बोललं तर मी बघून घेईन. या लोकांबरोबर मला रोज राहायचंय, तुला एकच दिवस काढायचाय.

कुठेही न गेलेली,
तुझी बहीण,
ओतिलिया